तिसरा थांबा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. लातूर

पुन्हा तेच! अडीच तास!

चोवीस किलोमीटरला अडीच तास. सकाळपासून चौथ्यांदा मॉडेल चालवलं आणि चारही वेळा दुसऱ्या थांब्यापासून तिसऱ्या थांब्यापर्यंत ट्रक रांगत गेले. तिसऱ्यापासून चौथ्यापर्यंत मात्र सत्तर मिनिटांत सुसाट! नकाशा बघावा तर नेमका उलटा. दुसरा ते तिसरा नदीकाठचा सपाट रस्ता. तिसऱ्याच्या पुढे घाट, दरडी, बर्फ. सपाटीला रांगायचं आणि घाटात पळायचं — कुठल्या शहाण्याचा ट्रक असा चालतो?

लिहून बघते, लिहिताना कधी कधी सुटतं. काम असं आहे. सरहद्दीवरच्या एका डोंगरी रस्त्याने बर्फ पडायच्या आत चौक्यांना रसद पोचवायची. रस्त्याचं नाव आम्हाला सांगितलेलं नाही, फक्त पाच थांबे. संरक्षणाचं नियोजन करणाऱ्यांना पुढच्या दहा वर्षांसाठी ठरवायचंय, की कोणते थांबे ठेवायचे आणि कोणते काढायचे. खऱ्या रस्त्यावर करून बघता येत नाही, माणसं जातात. म्हणून संगणकात खोटा रस्ता, खोटे ट्रक, खोटा बर्फ. एक थांबा काढून हजार वेळा चालवायचं, ठेवून हजार वेळा चालवायचं, आणि काय फरक पडतो ते सांगायचं. हे काम नांदेडच्या बुद्धप्रिया मॅडमकडे आलं. त्यातला ट्रकचा भाग त्यांनी मला दिला. म्हणजे कुणाला, तर मंजुश्रीला! तासिका तत्त्वावरची संख्याशास्त्राची मास्तरीण, जिने बर्फ पाहिला तो रसवंतीत, उसाच्या रसात.

ट्रक पुन्हा चालवून बघितले. अडीच तास.

४ नोव्हेंबर

डोकं शांत ठेवून सगळं पहिल्यापासून तपासलं.

अलीकडची माहिती गुप्त. पंचवीस वर्षांपूर्वीची कुणालाच नको होती म्हणून आम्हाला मिळाली, तीही तुकड्यात. ट्रक पहिल्या थांब्यावरून कधी सुटला आणि पाचव्याला कधी पोचला, बस. मधल्या तीन थांब्यांचं काहीच नाही. ते सापडलं एकाच ठिकाणी, आमच्या घरी, पत्र्याच्या पेटीत! माझ्या वडिलांची, अप्पांची वही. अप्पा फौजेत ट्रक चालवायचे, याच रस्त्यावर. खिशात मावेल अशी खाकी पुठ्ठ्याची वही. एक्केचाळीस फेऱ्या. दर थांब्याला एक ओळ, एक वेळ.

दुसरा — येतो ८.१०.
तिसरा — येतो ११.००.
चौथा — येतो १२.३०.

अशी पानंच्या पानं. अप्पा बोलायलाही असेच आहेत.

मी काय केलं? ट्रक थांब्यावर कधी येतो ती वेळ भरली. नियमाप्रमाणे प्रत्येक थांब्यावर वीस मिनिटं मुक्काम धरला. उरलेला वेळ रस्त्याला दिला. आठवीतलं गणित. चुकायला जागाच नाही! मग चुकतंय कुठं?

७ नोव्हेंबर

बी.एस्सी.च्या पोरी विचारतात, "मॅडम, तुम्ही रणगाडे करता का?" म्हटलं, नाही गं बायांनो, मी चहाला थांबणारे ट्रक करते.

८ नोव्हेंबर, शनिवार. शिरूर अनंतपाळ

घरी आले. लॅपटॉप उघडून अप्पांना त्यांचाच रस्ता दाखवला. चष्मा वर-खाली करत बराच वेळ बघितलं.

"ह्यो हिरवा ठिपका मंजे मी?"

"हाव."

"ह्येला मुताया लागत न्हाई का?"

आई, म्हणजे आमची अव्वा, आतून ओरडली, "लेकीपुढं काय बोलावं ह्येचं काई भान?"

"न्हाई पर, थांबतच न्हाई की ह्यो कुठं! लातुरात बसून बर्फातले ट्रक हाकून राहिली. उंटावरून शेळ्या!"

हसले मी. मग हळूच विचारलं, "अप्पा, दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत किती वेळ लागायचा?" झालं! चष्मा खिशात गेला. "वहीत हाय की समदं," म्हणत उठले ते थेट गोठ्याकडे. नेहमीचंच. त्या रस्त्याचं सगळं सांगतील, तिसरा थांबा आला की उठतील.

का उठतात ते या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणालाच माहीत नाही.

शिवमूर्तीकाका देगलूरचे. अप्पा आणि ते एकाच दिवशी भरती झाले, एकाच रस्त्यावर ट्रक चालवले. सुट्टीवर आले की आमच्याकडेच पहिला मुक्काम. मला खांद्यावर घेऊन बाजार फिरवायचे. चोवीस वर्षांपूर्वी ऑक्टोबरात, तिसऱ्या आणि चौथ्या थांब्याच्या मध्ये दरड आली. काका ट्रकसकट खाली गेले. अप्पा जोडीला नव्हते. का नव्हते? कुठे होते? कधी बोलले नाहीत.

अव्वानं आज मेथी निवडता निवडता पुन्हा सांगितलं. काकांची पेटी घेऊन ती आणि अप्पा देगलूरला गेले होते. काकांच्या बायकोनं, नीलाकाकूंनी एकच विचारलं — "भावजी, तुमी कुठं व्हता?" अप्पा गप्प. निघताना उंबऱ्यात उभं राहून म्हणाले, "येतो वैनी." काकू "या" म्हणाल्या नाहीत. "तीनदा म्हणले गं तुजे अप्पा. ती भिताडाकडं बघत बसली." तेव्हापासून देगलूर बंद. इकडचं आवतन तिकडे नाही, तिकडचं इकडे नाही. भावकीत मात्र कुजबुज झालीच, की सिद्धरामनं, म्हणजे अप्पांनी, दोस्ताला मागं टाकून ट्रक दामटला.

मी बारा वर्षांची होते. खरं सांगायचं तर थोडं मीही मानत आले आहे. हे आजपर्यंत कुठे लिहिलं नव्हतं. अप्पा तेव्हा कुठे होते, एवढंच मला कळायला हवंय. रसदीचं मॉडेल बिडेल नंतर!

१० नोव्हेंबर. लातूर

वहीचं शेवटचं पान. बेचाळिसावी फेरी. तारीख तीच, काकांची.

दुसरा — येतो ११.१०.
तिसरा — येतो ३.४०.

चौथ्याची ओळच नाही. पुढे सगळी वही कोरी. त्यानंतर अप्पांनी वही लिहिलीच नाही.

म्हणजे दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत मुक्काम धरून साडेचार तास! रस्ता फारच खराब असणार त्या दिवशी. तिसरी ओळ वेडीवाकडी आहे, अक्षरं उजवीकडे कललेली. हात गारठला असेल. मग ३.४० ला तिसऱ्यावर पोचून अप्पांनी केलं काय? पुढे गेले? मागे फिरले? काका तेव्हा पुढे होते की मागे?

काहीच कळत नाही. फेरी अर्धवट आहे म्हणून मॉडेलमधून वगळली. अहवालात तळटीप टाकली — 'एक अपूर्ण नोंद वगळली आहे.' ही ओळ टंकताना हात थोडा अडला.

१६ नोव्हेंबर, रविवार. नांदेड

हदगावला जाऊन आले. तिथे भागवतकाका म्हणून एक निवृत्त नाईक आहेत. अप्पांच्या नंतर दोन वर्षं याच रस्त्यावर होते. अंगणात सोयाबीनची पोती, पोत्यांवर कोंबड्या, आणि काका बाजेवर. वही नाही. पण तोंड? थांबेल तर शपथ!

"दुसरा ते तिसरा? घंट्याचा रस्ता! एक घंटा."

"काका, अडीच तास लागायचे ना?"

"कोन म्हणलं? दुसऱ्यावरून चहा भरून घ्यायचो किटलीत, किटलीला कांबळं गुंडाळायचो. तिसऱ्यावर वतला की जीभ पोळायची! अडीच घंटे ऱ्हाईल का गरम, बर्फात?"

"आठवतंय ना नक्की?"

"बाई, बायकोचा वाढदिवस आठवत न्हाई. चहा आठवतंय."

येताना एस.टी.त तोच विचार. वहीत अडीच तास, किटलीत एक. दोघंही खोटं बोलणारे नाहीत. मग?

१७ नोव्हेंबर. नांदेड

बुद्धप्रिया मॅडमना चहाचं सांगितलं. मॅडम शांत बाई आहेत. ऐकून घेतात, मग चष्म्यावरून बघतात, तेव्हा समजायचं की आपलं काहीतरी चुकलंय.

"मंजुश्री, वही त्याच दिवशी लिहिलेली. चहा वीस वर्षांनी आठवलेला. तू संख्याशास्त्र शिकवतेस ना? कशाला वजन देशील?"

"वहीला."

"मग झालं."

झालं. तिसरा थांबा काढून हजार वेळा चालवलं. घाटाचा रस्ता जर सत्तर मिनिटांचाच आहे, तर त्याच्या तोंडाशी थांबायचं कशाला? थांबा काढला की हंगामात अकरा फेऱ्या वाढतात. तिथली माणसं, डॉक्टर, गाडी ओढायची गाडी, सगळं दुसऱ्या थांब्याकडे आणता येतं, कारण वाईट रस्ता तिथून सुरू होतो. आकडे इतके स्वच्छ की मॅडमही हसल्या. म्हणाल्या, "हे वरच्यांना पटेल." पुढच्या कामातही मला घेणार म्हणाल्या.

आनंद व्हायला पाहिजे. होतोय पण. मधेच किटली आठवते.

२३ नोव्हेंबर, रविवार. लातूर

प्रयोग केला! किटलीभर चहा, तिला चादर गुंडाळली, अडीच तासांनी उघडली. लातुरात, बंद खोलीत, चहा कोमट! आणि तिकडे बर्फात जीभ पोळायची म्हणे. एक तर भागवतकाका फेकतात नाहीतर वही. घरमालकीण दारातून बघून गेली. भाडेकरणीनं किटलीला पांघरूण घातलेलं बघून काय समजली असेल कुणास ठाऊक.

२४ नोव्हेंबर

कोमट चहा घेतला तर पित्त झालं. विज्ञानासाठी!

७ डिसेंबर, रविवार. शिरूर अनंतपाळ

जेवताना सहज बोलून गेले. "अप्पा, तुमचा तिसरा थांबा निघून राहिला बरं का. आमच्या मॉडेलप्रमाणे लागतच नाही तो."

अप्पांचा घास हातातच.

"कोन काढून राहिलं?"

"काढला नाही अजून. आम्ही तसं सुचवणार आहोत. बावीस तारखेला अहवाल जातो."

"आमी मंजे?"

"मी."

ताट सरकवलं. भाकरी तशीच. माझ्या उभ्या जन्मात अप्पांना ताटावरून उठलेलं मी पाहिलं नव्हतं. दारात थांबून, मागे न बघता म्हणाले, "तिसरा न्हाई काढायचा."

"पण का? कारण तरी सांगा! मला कारण लिहावं लागतं अप्पा!"

"न्हाई काढायचा म्हणलं ना!"

आणि गेले शेताकडं. अव्वा माझ्यावर डाफरली, मी रडले, मग राग आला. चोवीस वर्षं तोंड शिवून बसायचं आणि मग म्हणायचं न्हाई काढायचा! माझ्याकडे एक्केचाळीस फेऱ्या आहेत. त्यांच्याकडे काय आहे? अडकलेला घास.

पण अप्पा उगाच असं करणारे नाहीत. हे मला माहीत आहे आणि तेच लिहायला जागा नाही. मॉडेलमध्ये 'अप्पांना वाटतं' असा रकाना नसतो.

८ डिसेंबर

बसस्टँडवर सोडायला आले. मी "येते" म्हटलं, त्यांनी मान हलवली.

१५ डिसेंबर. लातूर

अहवाल छापून झाला. चौसष्ट पानं. पान ४१ वर माझं वाक्य — 'तिसरा थांबा वगळण्यास हरकत नाही.' अप्पांना आणि मला सोडून कुणाचीच हरकत नाही. आणि माझी कशावर आहे तेही मला सांगता येत नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार. वेळ अमावस्या. शिरूर अनंतपाळ

अक्षर खराब येतंय, येऊ दे.

आज येळवस. सगळं गाव शेतात. अप्पांनी कडब्याचं खोपटं, म्हणजे कोप, उभी केली होती, पूजा झाली, भज्जी, उंडे, खीर, आंबील. दुपारपासून माणसांची रीघ. येळवसेला कुणालाही जेवल्याशिवाय सोडायचं नसतं. माझं मन कुठे लागत होतं? बावीस तारखेचं ओझं.

जेवून एकेकजण निघायला लागले. अव्वा कोपीच्या तोंडाशी उभी. "येतो मामी." "या." "येते गं." "या, या." संगमेश्वरमामा तर "येतो" म्हणून अर्धा तास उभेच, नव्यानं आंबील पिऊन पुन्हा "येतो". मी चेष्टेनं म्हटलं, "मामा, येतो येतो म्हणताय, पण जाताय कुठं!" सगळे हसले. अप्पाही हसले आणि सवयीनं मनगटावरचं घड्याळ बघितलं.

घड्याळ!

प्रत्येक पाहुण्याच्या 'येतो'ला अप्पा घड्याळ बघत होते. आलेल्याला नाही. निघालेल्याला.

पेला हातातून पडला माझ्या. आंबील साडीवर.

"अप्पा! वहीतलं येतो — ते पोचल्यावर लिहायचा की निघताना?"

अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, की पोरीला ऊन लागलं की काय.

"निघताना! पोचल्यावर कोन लिवतंय? पोचला मंजे पोचला."

"मग निघालो का नाही लिहिलं? जातो का नाही लिहिलं?"

"जातो?" अप्पांचा आवाजच बदलला. "त्या रस्त्यावं? जातो म्हणू ने पोरी. लिवू बी ने."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! छत्तीस वर्षं मी प्रत्येक उंबऱ्यातून निघताना येते म्हणते. एकदाही जाते म्हटलेलं नाही. अकरा दिवसांपूर्वी बसस्टँडवर म्हणाले, ते इथेच, माझ्या याच वहीत लिहून ठेवलंय! आणि संगणकाला सांगून मोकळी झाले, की येतो म्हणजे येतो. शिकून शिकून मराठी विसरलेली बाई!

२० डिसेंबर, शनिवार. शिरूर

सकाळपासून सगळं नव्यानं भरलं. येतो म्हणजे सुटला. तेवढा एक शब्द फिरवला आणि अख्खा रस्ता सरळ झाला.

दुसऱ्यावरून आठ दहाला सुटले. तासाभरात तिसऱ्याला पोचले. भागवतकाकांचा चहा पोळत होता, खरंच पोळत होता! मग अकरापर्यंत तिसऱ्यावरच. पावणेदोन तासांवर थांबून असत सगळे. मी ज्याला खराब वाट समजत होते ती वाट नव्हतीच. ते वाट पाहणं होतं.

भागवतकाकांना फोन लावला. कशाची वाट बघायचात?

"शेवटचा ट्रक आल्याबिगर कोनी हलायचं न्हाई, बाई. डाक्टर एकेकाची छाती बघायचा. धाप लागली असंल तर खाटंवर झोपवायचा. मंग समदे मिळून घाट. म्हणून तर घाट पळत व्हता! आन् दोन वाजले की खलास. दोननंतर तिसऱ्यावरून कोनी हलत नसे."

हे आधी का नाही सांगितलं, विचारलं. "तुमी चहाचंच विचारत ऱ्हायल्या," म्हणे!

आता थांबा काढून चालवलं. हजार हंगामांपैकी दोनशे चाळीस हंगामांत रसद अडकते, एकेकटे ट्रक घाटात बंद पडतात. थांबा ठेवून, एकोणीस. पान ४१ वरचं माझं वाक्य दोन दिवसांनी वर गेलं असतं. हरकत नाही म्हणे!

मॅडमना फोन केला. सांगितलं सगळं. मॅडम मोठ्यानं हसल्या.

"मंजुश्री, तुझी मातृभाषा कोणती गं?" आणि नंतर हसू ओसरल्यावर, "मीही वाचली होती ती पानं. माझी आई रोज दारातून तेच म्हणायची. दोघींनाही दिसलं नाही." म्हणाल्या, पान बदल, आणि चूक कशी झाली तेही लिही, लपवू नको. पुढच्या कामाचं काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

मग बेचाळिसावी फेरी काढली. वगळलेली.

दुसरा — येतो ११.१०. म्हणजे सव्वाबाराच्या आत तिसऱ्यावर. तिसरा — येतो ३.४०. म्हणजे अप्पा तिसऱ्यावर साडेतीन तास थांबले होते! रोजच्या दुप्पट! दोनच्या आत घाट गाठायचा सोडून जागचे हलले नाहीत! कुणासाठी? मागे राहिलेल्या काकांसाठीच ना? दोस्ताला टाकून पळणारा माणूस असा थांबतो?

धावत गेले गोठ्यात. "अप्पा, तुमी थांबला होता! साडेतीन तास! ह्ये बघा, वहीत हाय. तुमी टाकून गेला न्हाईत त्यांना. नीलाकाकूला दाखवू आपण!" मला वाटलं आता बांध फुटेल. मी तर रडतच होते.

अप्पांनी वही घेतली. शेवटचं पान. त्या तिसऱ्या ओळीवर अंगठा ठेवला, झाकल्यासारखा. चेहरा मोकळा होण्याऐवजी आणखीच काळवंडला. मला कळेना मी चांगलं केलं की वाईट.

मग म्हणाले, "उदगीरहून देगलूरची गाडी किती वाजता हाय गं?"

२२ डिसेंबर, सोमवार. लातूर

अहवाल गेला. तिसरा थांबा राहिला. तळटीप काढून बेचाळिसावी फेरी आत घेतली. फोनवर अव्वा म्हणते, अप्पा दोन दिवस जेवताहेत पण बोलत नाहीत. आरोप धुऊन निघाला तर माणूस असा का वागतो? मला माझ्या बापाचंही मॉडेल जमत नाही.

२४ डिसेंबर, बुधवार. देगलूर

अप्पांनी वही उघडून नीलाकाकूंपुढे ठेवली. काकूंनी चष्मा लावला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ह्ये ह्यांचं अक्षर हाय."

मी अप्पांच्या अक्षरातल्या एक्केचाळीस फेऱ्या भरल्या. आणि म्हणे हात गारठला असेल!

अप्पा खाली बघून बोलले. "घाटात ट्रक न्यायची पाळी माजी व्हती, वैनी. त्येची तिसऱ्यापतुरच. मला धाप लागली, डाक्टरनं झोपवलं. साडेतीन घंटे माज्या खाटंपाशी बसून ऱ्हायला त्यो. मी काई उठलो न्हाई. दोन कवाच वाजून गेलेले, पर वर चौकीला रॉकेल संपलेलं. त्येनं माजा ट्रक घेतला. मी गुंगीत, म्हणून त्येनंच वहीत 'येतो' लिवलं आन् वही माज्या उशाला ठेवली."

काकूंचं बोट त्या 'येतो'वरून हललं नाही.

मग त्या शब्दाकडेच बघत, हळू म्हणाल्या, "या."